गोधडीवर लिहिलेले पुस्तक



ग्रंथालयाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना योजलेल्या व्याख्यानाचा विषय ग्रंथ हाच असावा, ही अपेक्षा रास्त आहे. आजचा विषय गोधडी आहे हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. पण येथे ज्या गोधड्यांविषयी सांगायचे आहे त्या पांघरण्यासाठी शिवलेल्या नाहीत, वाचण्यासाठी शिवलेल्या आहेत. त्यांच्या मध्यभागी चित्र आहे, भोवती रंगीबेरंगी तुकड्यांची किनार आहे आणि वर-खाली पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या शिवून त्यांवर बारीक अक्षरात सबंध कथा लिहिलेली आहे. त्या करणाऱ्या फेथ रिंगगोल्ड या बाई अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार आणि शिक्षिका होत्या. आपले आत्मचरित्र छापावयास प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी कागदाचा नाद काही काळ सोडला आणि कापड हाती घेतले. १३ एप्रिल २०२४ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेत त्यांच्या या खटाटोपाची हकीकत सांगणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

गोधडी हा शब्द येथे सोयीसाठी वापरला आहे. आपल्या घरातली गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून, वरून धावदोरा घालून शिवलेली. अमेरिकेतील ‘क्विल्ट’चे तीन थर असतात : वर तुकडे जोडून केलेला नक्षीदार पदर, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली अस्तर. टाके या तिन्ही थरांना एकत्र बांधतात. कृती थोडी वेगळी, पण हात त्याच बायकांचे. दिवसभराची कामे उरकून, उरलेल्या वेळात, उरलेल्या कापडातून करायचे हे काम. त्यावर करणारीचे नाव घालण्याची रीत इकडेही नव्हती, आणि तिकडेही फारशी नव्हती.

रिंगगोल्डबाईंकडे वळण्यापूर्वी त्यांच्या एका पूर्वसूरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हॅरिएट पॉवर्स ही स्त्री १८३७ मध्ये जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मली. १८८६ साली अथेन्स या गावी कापसाची जत्रा भरली होती. तेथे तिने बायबलमधील प्रसंगांची, कापडातून कापलेल्या आकृत्यांची एक गोधडी मांडली. जेनी स्मिथ या चित्रकलाशिक्षिकेला ती इतकी आवडली की तिने पत्ता काढून पॉवर्सचे घर गाठले आणि किंमत विचारली. कोणत्याही किमतीला ती विकायची नाही, असे उत्तर मिळाले. पुढे काही वर्षांनी दिवस फिरले. पॉवर्स स्वतःच गोधडी घेऊन स्मिथबाईंच्या दारी आली. तिने दहा डॉलर मागितले. स्मिथबाईंपाशी पाचच होते. नवऱ्याचा सल्ला घेऊन तिने पाचांवर तडजोड केली. त्यानंतर ती आपली गोधडी नुसती पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा त्या घरी येत असे. स्मिथबाईंनी आपल्याकडच्या सगळ्या चिंध्या तिच्यासाठी राखून ठेवण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे तिचे थोडेसे समाधान झाले.

या व्यवहारात एक चांगली गोष्ट घडली. विकताना पॉवर्सने प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. दुसरी एक बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. या दोन गोधड्या आज वाचता येतात त्या अशा टिपणांमुळे. पण हेही विसरता कामा नये, की गोधडी एकीची आणि तिच्याबद्दलचे शब्द दुसरीच्या हातचे. विकत घेणारीने ते लिहिले नसते तर? रिंगगोल्डबाईंचे सारे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरात गेले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

फेथ रिंगगोल्ड यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीत झाला. आई विली पोझी या शिवणकाम करीत आणि पुढे स्वतःच्या कसबावर वेशभूषाकार म्हणून नावारूपाला आल्या. घराण्यात गोधड्या शिवण्याची परंपरा आईच्या आजीपर्यंत आणि तिच्याही मागे जात होती. त्यांची एक पूर्वज गुलाम असताना मालकाच्या घरासाठी गोधड्या शिवत असे. लहानपणी दम्यामुळे फेथला शाळेऐवजी घरीच बराच वेळ काढावा लागला आणि त्या काळात आईने तिच्या हाती रंग व कापड दिले. १९५० च्या सुमारास तिला सिटी कॉलेजात चित्रकला शिकायची होती. पण मुलींना तो अभ्यासक्रम खुला नव्हता. तोड अशी निघाली की शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम घ्यावा आणि त्यात कला हा विषय ठेवावा. चित्रकार होण्यासाठी आधी शिक्षिका व्हावे लागले! १९५५ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत चित्रकलेची नोकरी सुरू झाली. ती १९७३ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे चालली.

महाविद्यालयात त्या ग्रीक पुतळ्यांची आणि युरोपीय चित्रकारांची हुबेहूब नक्कल करावयास शिकल्या होत्या. काळ्या माणसाच्या कातडीचा रंग कसा मिसळावा, हे मात्र तेथे कोणी शिकविले नव्हते. ते त्यांना स्वतः शोधून काढावे लागले. १९६७ नंतरच्या एका चित्रमालिकेत तर त्यांनी पांढरा रंग वापरणेच सोडून दिले. सुरुवातीच्या काळात झाडे-फुले रंगविलेली चित्रे घेऊन त्या पतीसह एका कलादालनात गेल्या असता तेथील बाईंनी, हे तुम्ही करू शकत नाही, अशा अर्थाचे काहीतरी सुनावले. अपमान तर झालाच. पण परतताना दोघांनी त्या वाक्याचा वेगळाच अर्थ लावला. देशभर नागरी हक्कांसाठी माणसे रस्त्यावर उतरली असता आपण फुलदाण्या रंगवीत बसावे काय? मग १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकन समाजातील वर्णद्वेषावरची मोठमोठी तैलचित्रे झाली. ‘डाय’ हे त्यांपैकी सर्वांत भीषण : रस्त्यावरच्या दंगलीत रक्ताने माखलेली काळी-गोरी माणसे आणि मध्ये एकमेकांना बिलगून बसलेली दोन मुले. चित्र थोर होते. विकत मात्र कोणी घेतले नाही.

यानंतरची दोन-तीन वर्षे संग्रहालयांच्या दारांतील निदर्शनांची आहेत. आधुनिक कलेच्या न्यूयॉर्कमधील विख्यात संग्रहालयात कृष्णवर्णीय कलावंतांना जागा मिळावी म्हणून रिंगगोल्डबाई झगडल्या. १९७० साली व्हिटनी संग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनात निम्म्या स्त्रिया असाव्यात, यासाठी लुसी लिपार्ड यांच्यासारख्या समीक्षकांबरोबर त्यांनी शिट्ट्या वाजवीत आंदोलन केले. दालनाच्या जिन्यांवर अंडी ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रध्वजावरच्या एका प्रदर्शनापायी त्यांना अटकही झाली. व्हिटनीच्या प्रदर्शनात स्त्रियांची संख्या वाढली, निम्मी काही झाली नाही.

आता गंमत पाहा. ज्या व्हिटनीच्या दारात १९७० मध्ये बायका हक्क मागत होत्या, त्याच व्हिटनीने १९७१ मध्ये आपल्या भिंतींवर सुमारे साठ जुन्या गोधड्या टांगल्या. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहक दांपत्याच्या त्या होत्या. अमूर्त चित्रकलेत जे आकार पुरुषांनी विसाव्या शतकात गाठले ते शेतकऱ्यांच्या बायकांनी कितीतरी आधी कापडात गाठले होते, हे त्या प्रदर्शनाने लोकांच्या नजरेस आणून दिले. गर्दी झाली, परीक्षणे आली, गोधडी एकदाची ‘कला’ ठरली. पण बहुतेक गोधड्यांखाली शिवणारीचे नावच नव्हते. स्त्रियांचे काम भिंतीवर चढले, स्त्री दाराबाहेरच राहिली. या प्रदर्शनाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिथल्या गोधड्या मुक्या होत्या, हे नमूद करावेच लागते.

रिंगगोल्डबाई कापडाकडे वळल्या त्या मात्र या प्रदर्शनाच्या वाटेने नव्हे. १९७२ च्या उन्हाळ्यात त्या युरोपात गेल्या असता अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्यांनी हिमालयाच्या परिसरातील थांगका पाहिले. थांगका म्हणजे कापडावर रंगविलेले आणि जरीकिनारीच्या कापडी चौकटीत शिवलेले बौद्ध पट. प्रवासी भिक्षू ते गुंडाळून काखोटीस मारीत आणि जेथे मुक्काम असेल तेथे उलगडून टांगीत. एका कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीला आपला मार्ग तिबेट-नेपाळच्या पटांत सापडावा, ही कलेच्या इतिहासातील मोठी लोभस घटना आहे. परतल्यावर त्यांनी लाकडी चौकटी टाकून दिल्या. चित्र कापडावर काढायचे आणि भोवतीची कापडी किनार आईने शिवायची, असा मायलेकींचा उद्योग सुरू झाला. त्या वर्षीच्या एका मालिकेत त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची वचने चित्रावरच, वरून खाली उतरत जाणाऱ्या अक्षरांत रंगविली. शब्द प्रथम चित्रात आले ते असे.

कापडाचा निर्णय सौंदर्याचा होता तितकाच हमालीचाही होता. मोठे तैलचित्र घरातून हलवायचे म्हणजे पतीची मदत हवी, गाडी हवी, दालनाच्या मालकाची मर्जी हवी. गुंडाळलेले कापड एका पेटीत मावते आणि पेटी एकट्या बाईला नेता येते. रिंगगोल्डबाईंनी तेच केले. चित्रे, मुखवटे, कापडी बाहुल्या पेटीत भरून त्या अमेरिकेतील महाविद्यालयांना पाठवू लागल्या आणि मागोमाग स्वतः जाऊन व्याख्यान देऊ लागल्या. न्यूयॉर्कची दालने दार उघडीत नव्हती, तर ती वगळून पुढे जाण्याची ही युक्ती होती. प्रदर्शन आणि अध्यापन यांची फारकत त्यांच्या बाबतीत कधी झाली नाही, त्याचे मूळ या पेटीत आहे. १९७३ मध्ये त्यांनी शाळेची नोकरी सोडली ती याच उद्योगाच्या भरवशावर.

शिकविण्यात केवळ देणेच असते असे नाही. सत्तरीच्या दशकारंभी त्या शिक्षकांना आफ्रिकी हस्तकला शिकवीत : मणीकाम, विणकाम, मुखवटे. विद्यार्थ्यांना प्रश्न पडला, की हे सर्व बाई आम्हांला शिकवितात, मग त्यांच्या स्वतःच्या चित्रांत ते का दिसत नाही? प्रश्न बिनतोड होता. त्यातून त्यांचे मण्यांचे आणि झावळीच्या केसांचे मुखवटे झाले, आणि मुखवट्यांतून १९७६ साली एक नाट्यप्रयोग झाला. अंमली पदार्थांपायी मेलेला एक तरुण आणि त्याच्या दुःखाने मेलेली त्याची बायको पुन्हा उठतात, अशी ती कल्पना. हा प्रयोग त्या गावोगावच्या महाविद्यालयांत नेत आणि तेथील विद्यार्थीच त्यातील पात्रे होत. शिकलेल्या शिक्षकाला विद्यार्थ्याने हटकावे आणि शिक्षकाने ते मनावर घ्यावे, असे प्रसंग विरळाच घडतात.

पहिली खरी गोधडी १९८० ची. चित्रकार आणि गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया यांना एकत्र आणणाऱ्या एका प्रदर्शनासाठी ती केली होती. तिचे नाव ‘एकोज ऑफ हार्लेम’. हार्लेममधील माणसांचे तीस चेहरे लेकीने रंगविले, कापडाची मांडणी व शिवण आईची. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये आई वारली. त्यामुळे मायलेकींची ही पहिली गोधडी शेवटचीही ठरली. यानंतर शिवायचे ते एकटीने.

याच सुमारास त्यांनी आत्मचरित्र लिहून प्रकाशकांकडे पाठविले होते. ते कोणी घेईना. कृष्णवर्णीय स्त्रीची कहाणी कशी असावी, याविषयी प्रकाशनसंस्थांच्या काही ठरीव कल्पना होत्या आणि शिक्षण घेतलेल्या, निदर्शने करणाऱ्या, वाद घालणाऱ्या चित्रकर्तीचे आयुष्य त्यात बसत नव्हते. यावर रिंगगोल्डबाईंनी काढलेला तोडगा विलक्षण साधा होता. कथा गोधडीवरच लिहायची. गोधडी भिंतीवर टांगली की कथा आपोआप लोकांसमोर येते. प्रदर्शनाच्या सूचीत गोधडीचे छायाचित्र छापले की कथाही छापली जाते. संपादकाला त्यातील एक वाक्य गाळता येत नाही, कारण वाक्य गाळायचे तर कापड कापावे लागेल!

अशी पहिली कथा-गोधडी १९८३ मध्ये तयार झाली. आंट जेमायमा हा अमेरिकेतील घिरड्यांच्या पिठाच्या पुड्यावरचा चेहरा : डोक्याला फडके बांधलेली, जाडजूड, सदा हसतमुख काळी स्वयंपाकीण. मालकाच्या घरी आनंदाने राबणारी दासी, हीच तिची जगाला ओळख. रिंगगोल्डबाईंनी तिलाच नायिका केले. त्यांच्या कथेतील जेमायमा स्वतःच्या मर्जीने लग्न करते, उपाहारगृह चालविते, मुले वाढविते, पैसा राखून असते. कथा चौकोनांत लिहिलेली आहे आणि मधल्या चौकोनांत माणसे उभी आहेत. वाचीत वाचीत डोळा सबंध गोधडीभर फिरतो. पिठाच्या त्या कंपनीने पुड्यावरून तो चेहरा व ते नाव उतरविले ते २०२१ मध्ये. गोधडी अडतीस वर्षे आधी तेथे पोहोचली होती.

येथे आपल्या परिसरातील श्रोत्यांना कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेथेही चित्र आणि कथा यांची जोडी आहे. पण तेथे चित्र पोथीतून बाहेर निघते आणि कथा सांगणाऱ्याच्या मुखातून. सांगणारा गेला की चित्र निःशब्द होते. रिंगगोल्डबाईंनी हीच भीती ओळखली असावी. त्यांनी सांगणारीलाच कापडात शिवून टाकले.

१९८८ ची ‘टार बीच’ ही गोधडी या प्रकारातील त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. उन्हाळ्याच्या रात्री हार्लेममधील कुटुंबे डांबराच्या गच्चीवर चटया टाकून जेवणखाण करीत. समुद्रकिनारा परवडत नसे, म्हणून गच्चीलाच त्यांनी ‘बीच’ म्हटले. मोठी माणसे पत्ते खेळत आहेत, जेवणाचे मेज मांडलेले आहे, दोन मुले चटईवर आकाशाकडे तोंड करून पडली आहेत. आणि वर, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या दिव्यांवरून, त्यांच्यातीलच आठ वर्षांची कॅसी उडत चालली आहे. कथा कॅसीच्या तोंडची आहे. तिच्या वडिलांनी पुलाच्या बांधकामावर काम केलेले. पण बापजाद्यांच्या वर्णामुळे कामगार संघटनेत त्यांना जागा नाही. मग ती पोर जिच्यावरून उडते ती इमारत आपल्या मालकीची करून टाकते आणि वडिलांना ती देऊ करते. किनारीला फुलाफुलांच्या कापडाचे तुकडे आहेत. ही गोधडी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयास देणगीदाखल मिळाली. १९९१ मध्ये तिचे मुलांसाठी पुस्तक झाले, त्याला कॅल्डेकॉट सन्मान लाभला आणि ते शाळाशाळांतून वाचले जाऊ लागले. प्रकाशकांच्या दारातून परतलेली लेखिका गोधडीच्या वाटेने पुस्तकांच्या दुकानात शिरली. आत्मचरित्रही अखेर १९९५ मध्ये निघाले. बालवाङ्मयाच्या कपाटात असलेल्या पुस्तकाचा उगम अंथरुणाच्या वस्तूत असावा, हे उदाहरण विरळाच.

प्रदर्शनाचे अनुभव सगळेच गोड नव्हते. अटलांटाच्या हाय संग्रहालयाकडे ‘चर्च पिकनिक’ ही त्यांची कथा-गोधडी होती आणि संग्रहालयाने तिचे भित्तिचित्र छापले होते. एका दूरचित्रवाणी मालिकेत ते भिंतीवर शोभेसाठी लावले गेले; बाईंना विचारले नाही, मोबदला नाही. नऊ वेळा मिळून ते २६.७५ सेकंद दिसले. बाईंनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. १९९७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि असा वापर सहजासहजी माफ करता येत नाही, असे ठरविले. हा खटला स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकविला जातो. काहींना सव्वीस-सत्तावीस सेकंदांसाठी कोर्टाची पायरी चढणे हा हट्ट वाटेल. पण पाच डॉलरांत गोधडी देऊन ती पाहावयास परक्याच्या घरी खेपा घालणारी हॅरिएट पॉवर्स ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना तसे वाटू नये.

१९९० पासून सात वर्षे ‘फ्रेंच कलेक्शन’ या नावाची गोधड्यांची मालिका चालली. विलिया मारी ही काल्पनिक कृष्णवर्णीय तरुणी १९२० च्या सुमारास पॅरिसला चित्रकार होण्यासाठी जाते आणि मोठमोठ्या कलावंतांच्या मेळ्यात वावरते, असे कथासूत्र. एका गोधडीत लुव्र संग्रहालयात मोनालिसासमोर लहान मुली नाचत आहेत. दुसरीत आर्ल येथील सूर्यफुलांच्या शेतात हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ, रोझा पार्क्स आदी आठ थोर कृष्णवर्णीय स्त्रिया मिळून सूर्यफुलांचीच गोधडी शिवीत बसल्या आहेत आणि हातात फुलदाणी घेतलेला व्हॅन गॉग बाजूला संकोचून उभा आहे. त्या बायकांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे विशेष. ‘पिकासोज स्टुडिओ’ या १९९१ च्या गोधडीत विलिया मारी पिकासोच्या सुप्रसिद्ध ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ या चित्रापुढे त्याची प्रतिरूप म्हणून बसली आहे. आफ्रिकी मुखवटे पाहून पिकासोने त्या चित्रातील चेहरे घडविले, हे सर्वश्रुत आहे. त्या मुखवट्यांच्या वारसदार मुलीला त्याबद्दल काय वाटले, हे विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते.

या गोधडीचा पुढचा इतिहास एखाद्या कथेत घातला तर ओढूनताणून आणलेला वाटावा. ज्या संग्रहालयापुढे रिंगगोल्डबाईंनी साठीच्या दशकाच्या अखेरीस निदर्शने केली होती, त्याने २०१६ मध्ये ‘डाय’ हे चित्र विकत घेतले. आणि २०१९ मध्ये नूतनीकरणानंतर दालने उघडली तेव्हा ते टांगले पिकासोच्या त्याच ‘तरुणीं’च्या सान्निध्यात. २०२३ मध्ये तर पॅरिसच्या पिकासो संग्रहालयातच रिंगगोल्डबाईंचे मोठे प्रदर्शन भरले. त्या वेळी त्यांचे वय ९२ होते.

अध्यापन मात्र त्यांनी कधी सोडले नाही. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील शाखेत त्या कलेच्या प्राध्यापक झाल्या आणि २००२ मध्ये निवृत्त झाल्या. त्याआधी १९९९ मध्ये त्यांनी ‘एनीवन कॅन फ्लाय’ ही संस्था काढली होती : आफ्रिकी वंशाच्या दुर्लक्षित कलावंतांचा अभ्यास व्हावा आणि त्यांची कला मुलांपर्यंत पोहोचावी म्हणून. प्राध्यापकपदापेक्षा शाळेतील अठरा वर्षांचा त्यांच्यावर अधिक परिणाम झाला असावा, असे त्यांच्या चित्रांतील ठसठशीत रेषा आणि धीट रंग पाहून वाटते. मूल चित्र काढताना परवानगी मागत नाही. चित्रकार, लेखिका, शिवणकरी यांपैकी नेमके काय व्हायचे, हा प्रश्न त्यांनीही स्वतःला फार काळ विचारला नाही. गोधडी ही कला की हस्तकला, या चर्चेत आजही तासन्‌तास जातात. ही चर्चा संग्रहालयांच्या अंदाजपत्रकासाठी महत्त्वाची असेल. शिवणाऱ्या हाताला तिचे सोयरसुतक नाही.

शेवटी जवळचे सांगायचे आहे. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्यातील कित्येकांचे पूर्वज गोव्यातील दास्यातून निसटून या रानांत आले. ते हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांची घरची बोली कोकणी-मराठीच्या वळणाची आहे. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांच्या ‘कवांदी’ शिवतात. शिवण कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत आत येते आणि मध्यावर संपते. चौकट न लावता, आराखडा न काढता, मांडीवर घेऊन. ख्रिस्ती घरातील कवांदीवर कधी क्रूस येतो, मुसलमान घरातील कवांदीवर चंद्रकोर. चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या घालून बसवितात, त्यांना त्या ‘फुले’ म्हणतात. फुलांवाचून कवांदी उघडी दिसते, असे त्यांचे म्हणणे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आफ्रिकी कलेचे अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी या स्त्रियांबरोबर काम केले आणि २००४ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहण्यास मदत केली. २०११ साली त्यांच्या कवांदींचे प्रदर्शन न्यूयॉर्कमध्ये भरले. ते भरले शॉम्बर्ग केंद्रात, हार्लेममध्ये, ज्या वस्तीत फेथ रिंगगोल्ड जन्मल्या आणि वाढल्या. शॉम्बर्ग केंद्र हे मुळात संग्रहालय नव्हे. १३५ व्या रस्त्यावरचे ते एक सार्वजनिक वाचनालय. १९०५ मध्ये उघडलेले. आर्तुरो शॉम्बर्ग या ग्रंथवेड्या माणसाने जमविलेला आफ्रिकी वंशाच्या लोकांविषयीचा ग्रंथसंग्रह १९२६ मध्ये तेथे आला आणि त्याचेच नाव पुढे त्या वास्तूला मिळाले. हल्याळ-यल्लापूरच्या रानातील वाकळा हार्लेमच्या लोकांनी पाहिल्या, त्या पुस्तकांच्या शेजारी.